बेदाणा शेडमधला डबा : रेफरन्स व्होल्टेजच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

तात्यांच्या तासगावच्या बेदाणा शेडसाठीचा डबा टेबलावर उघडून ठेवलाय. हंगाम तोंडावर आहे, थोड्याच दिवसांत रॅकवर द्राक्षं पडतील. डब्याचं काम तसं साधं. शेडमधलं तापमान दोन ठिकाणी, आर्द्रता एका ठिकाणी आणि स्वतःच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजायचं, कार्डावर लिहायचं आणि दिवसातून काही वेळा तात्यांना एसएमएस करायचा. आत अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे त्यावरची एटीमेगा३२८पी चिप. तापमानाला एलएम३५, आर्द्रतेला एचआयएच-४०००, बॅटरीला ३३ किलो-ओहम आणि १० किलो-ओहमचा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागून कमी करणारी दोन रेझिस्टरांची जोडी. १२ व्होल्टची बॅटरी, वर सोलर पॅनेल, बॅटरीतून ५ व्होल्ट काढणारं बक मॉड्यूल, आणि त्याच ५ व्होल्टवर एसएमएस पाठवणारं जीएसएम मॉड्यूलही.

लक्षण असं: एसएमएस जात असताना घेतलेलं तापमान मधूनच दीड अंशाने वर उडी मारतं. तेवढ्यावरून काहीच कळलं नसतं. पण त्याच क्षणी बॅटरीसुद्धा १२.५ ऐवजी १३.२ व्होल्ट दाखवते. भार पडल्यावर बॅटरीचं व्होल्टेज वाढलं, असं जगात कुठे होत नाही. म्हणजे मोजायची वस्तू जागच्या जागी आहे, मोजपट्टीच आखडतेय.

ऑसिलोस्कोप ५ व्होल्टच्या लाइनवर लावला. एरवी ५.०३, आणि जीएसएम बोलायला लागलं की ४.७१ पर्यंत खाली जाणारे खड्डे. एडीसीचा, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपमधल्या भागाचा, हिशोब एका ओळीचा आहे: आकडा म्हणजे मोजायचं व्होल्टेज गुणिले १०२४, भागिले रेफरन्स, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून मोजायचं ते व्होल्टेज. नॅनोवर काही न सांगता रेफरन्स म्हणजे हेच ५ व्होल्ट. छेद लहान झाला की आकडा फुगतो. २२ अंशांना एलएम३५ मधून २२० मिलिव्होल्ट येतात, ५.०३ ला त्याचे ४५ होतात, ४.७१ ला ४८. प्रोग्रॅम दोन्ही वेळा रेफरन्स बरोबर ५.०० धरून चालतो, त्यामुळे एकदा २२.० आणि एकदा २३.४.

४ फेब्रुवारी

जीएसएम काढून ठेवलं आणि बक मॉड्यूलचा ट्रिमपॉट स्क्रूड्रायव्हरने फिरवत ५ व्होल्ट हळूहळू ४.६० पर्यंत उतरवले. खोलीचं तापमान २८.

एलएम३५ चं रीडिंग २८ वरून ३०.४ वर चढलं. बॅटरी १२.६ ची १३.७ झाली. आर्द्रता मात्र ४१ टक्के होती ती ४१ टक्केच राहिली. हलायलासुद्धा तयार नाही.

कारण एचआयएच-४००० हा सेन्सर गुणोत्तराने बोलतो. त्याचं आउटपुट म्हणजे पुरवठ्याचं व्होल्टेज गुणिले, ०.००६२ पट आर्द्रता अधिक ०.१६. पुरवठा उतरला की आउटपुटही त्याच प्रमाणात उतरतं, एडीसीचा रेफरन्सही तोच पुरवठा, म्हणून दोन्हीकडचं घटणं एकमेकांना खाऊन टाकतं. थर्मिस्टरचा डिव्हायडर, पोटेन्शिओमीटर, वजनकाट्यातला लोडसेल, सगळी याच जातीची मंडळी. यांना स्थिर रेफरन्स लागतच नाही. ज्या तारेवरून त्यांना वीज मिळते तीच तार एडीसीलाही रेफरन्स म्हणून मिळाली की काम झालं. उगाच महागडी रेफरन्स चिप लावली तर उलट जुळलेलं गणित विस्कटतं.

एलएम३५ आणि बॅटरी मात्र स्वतंत्र बाण्याची. एका अंशाला १० मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिव्होल्ट, पुरवठा कितीही असो. त्यांना खरा, न हलणारा व्होल्ट हवा.

या डब्यात दोन्ही जाती एकत्र नांदतात, हीच खरी मेख.

६ फेब्रुवारी

आधी फुकटातला पर्याय. एटीमेगा३२८पी च्या पोटातच १.१ व्होल्टचा रेफरन्स आहे. तो निवडला की एआरईएफ पिनवर, म्हणजे चिपच्या रेफरन्सच्या पायावर, मीटर लावून मोजता येतो. या नॅनोवर १.०८३ आला. डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, १.० ते १.२ म्हणते, म्हणजे वर-खाली नऊ टक्के. ऐकायला भयंकर वाटतं, पण हा फरक एका चिपपासून दुसऱ्या चिपपर्यंतचा आहे. हातातल्या चिपचा आकडा एकदा मोजून प्रोग्रॅममध्ये लिहिला की ते नऊ टक्के संपले. पाच व्होल्ट ५.२ वरून ४.५ वर आणले तरी १.०८३ मधला शेवटचा आकडासुद्धा धड बदलला नाही.

नुसता एलएम३५ वाचायचा असेल तर माझं स्पष्ट मत: काहीही विकत आणू नका, हाच वापरा. पायरी ४.८८ मिलिव्होल्टवरून १.०७ मिलिव्होल्टवर येते, म्हणजे अर्ध्या अंशाऐवजी एका दशांशाची.

इथे अडचण आर्द्रतेची. तिचं आउटपुट ३.९ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, ते १.१ च्या आत बसवायला डिव्हायडर हवा. आणि त्या सेन्सरला ८० किलो-ओहमपेक्षा कमी भार चालत नाही. मोठे रेझिस्टर लावले तर एडीसीला दिसणारा सोर्स इम्पीडन्स १० किलो-ओहमच्या बराच वर जातो, जो एटीमेगाला आवडत नाही. मग मधे बफर, म्हणजे सिग्नल तसाच पण जोराने पुढे देणारं सर्किट, लावा, मग त्याचा ऑफसेट, म्हणजे त्याची स्वतःची चूक, सांभाळा. शेपूट वाढत जातं.

दुसरी एक युक्ती सगळीकडे सांगितली जाते: रेफरन्स ५ व्होल्टच ठेवायचा, आतले १.१ व्होल्ट एडीसीनेच वाचायचे आणि त्यावरून ५ व्होल्ट नक्की किती ते उलटं काढायचं. बॅटरी संपत आली का हे पाहायला झकास. मोजमापाला नाही. १.१ चे ५ व्होल्टवर जेमतेम २२५ आकडे होतात, एक आकडा इकडेतिकडे म्हणजे ०.४४ टक्के गेले. आणि मुख्य म्हणजे जीएसएमच्या खड्ड्यात पहिलं रीडिंग खड्ड्याच्या आत आणि दुसरं बाहेर पडलं तर दुरुस्तीच चुकीच्या दिशेने होते.

९ फेब्रुवारी

मेलेल्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायमधून, टीएल४३१ ही रेफरन्स चिप काढली. जवळजवळ प्रत्येक एसएमपीएसमध्ये फीडबॅकच्या कामाला हा बसलेला असतोच. रेफ आणि कॅथोड जोडले, ५ व्होल्टमधून १ किलो-ओहम दिला, २.४८७ व्होल्ट आले. डेटाशीटमध्ये २.४९५. हेअर ड्रायरने तापवला तर ६ मिलिव्होल्ट उतरले आणि थंड झाल्यावर परत आले.

वाईट नाही. पण याला किमान १ मिलिअँपिअर द्यावाच लागतो, आणि कॅथोडवर कपॅसिटर लावताना डेटाशीटमधला स्थैर्याचा आलेख उघडून बसावं लागतं, कारण ठरावीक करंट आणि ठरावीक कपॅसिटर एकत्र आले की हा ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे व्होल्टेज स्थिर न राहता हेलकावे खातं. नॅनोवर एआरईएफ पिनला १०० नॅनोफॅरड आधीच बसवलेला आहे. त्या आलेखाशी खेळत बसण्याची हौस नाही. शिवाय २.५ व्होल्टमध्ये आर्द्रतेचे ३.९ मावत नाहीत. टीएल४३१ परत डबीत.

१४ फेब्रुवारी

मागवलेला एलएम४०४०, म्हणजे दुसरी रेफरन्स चिप, आला. ४.०९६ व्होल्टवाला, सी ग्रेड, म्हणजे अर्धा टक्का. ४.०९६ हा आकडा विचित्र वाटतो, पण १०२४ ने भागून पाहा: एक पायरी बरोबर ४ मिलिव्होल्ट. आर्द्रतेचे ३.९ आत बसतात. बॅटरी १४.४ ला गेली तरी डिव्हायडरनंतर ३.३५ च. कितीही कपॅसिटर लावला तरी हा ऑसिलेट होत नाही, त्यामुळे नॅनोवरच्या १०० नॅनोफॅरडची काळजी मिटली.

एसओटी-२३ पॅकेज आहे, तीन पाय. पहिला कॅथोड, दुसरा अ‍ॅनोड, तिसरा मोकळा ठेवायचा किंवा अ‍ॅनोडला जोडायचा. मोकळा म्हणजे तिथून ट्रॅकसुद्धा न्यायचा नाही. मी दुसऱ्याला जोडून टाकला.

रेझिस्टरचा हिशोब, कारण बहुतेक ठिकाणी तो न करताच काहीतरी लावलेलं दिसतं:

एलएम४०४० शंट आहे, झेनरसारखा स्वतः करंट पिऊन व्होल्टेज धरून ठेवतो. त्याला जगायला साधारण ०.१ मिलिअँपिअर पुरतो. पण एआरईएफ पिनही करंट ओढते, हे लोक विसरतात. चिपच्या आत तिथे सुमारे ३२ किलो-ओहम दिसतात, ४.०९६ ला ३२ किलोने भागलं की ०.१२८ मिलिअँपिअर. एकूण ०.२३. आता सगळ्यात वाईट वेळ धरायची: जीएसएम ओढतोय आणि लाइन ४.५ ला आहे. उरले ०.४ व्होल्ट. ०.४ भागिले ०.२३ मिलिअँपिअर म्हणजे १.७ किलो-ओहम. याच्यावर गेलं की ऐन खड्ड्यात रेफरन्स हात सोडणार. १ किलो-ओहम लावला. ४.५ ला ०.४ मिलिअँपिअर मिळतो, ५.२५ ला सव्वा मिलिअँपिअरच्या आतच, आणि याची कमाल १५ आहे. दोन्हीकडे ऐसपैस जागा.

१६ फेब्रुवारी

जोडला. मीटरवर ४.०९१. ट्रिमपॉटने लाइन ५.२ पासून खाली आणत गेलो: ४.०९१, ४.०९१, ४.६ लाही ४.०९१, ४.४ ला ४.०९०. साधारण ४.३ च्या खाली मात्र रेफरन्स लाइनच्या मागे घसरत जातो.

प्रोग्रॅममध्ये ४.०९६ नाही, ४.०९१ लिहिले. आकडा ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवलाय, म्हणजे रेफरन्सची चिप बदलली तरी प्रोग्रॅम उघडायला नको.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. बाहेरचा रेफरन्स एआरईएफला जोडलेला असताना प्रोग्रॅममध्ये अ‍ॅनालॉगरेफरन्स ‘एक्स्टर्नल’ केल्याशिवाय एकही अ‍ॅनालॉगरीड होता कामा नये. रीसेटनंतर चिपची निवड बाहेरचीच असते, तोवर धोका नाही. पण अर्डुइनोची लायब्ररी पहिल्या रीडला स्वतःची डीफॉल्ट निवड लावते आणि चिपच्या आतून ५ व्होल्ट थेट एआरईएफवर येतात. समोर ४.०९१ ला घट्ट बसलेला एलएम४०४०. दोघांच्या मारामारीत आतला स्विच जळू शकतो. म्हणून सेटअपची पहिलीच ओळ ती. आणि याच कारणाने आता मधूनमधून आतला १.१ वापरण्याची सोयही गेली. डेटाशीट तसं सरळ बजावते.

१८ फेब्रुवारी

आर्द्रतेचा प्रश्न. रेफरन्स स्थिर झाला आणि ४ तारखेला शहाण्यासारखा वागणारा सेन्सर आज लाइनबरोबर डोलायला लागला. अपेक्षितच होतं.

उपाय सोपा निघाला. ५ व्होल्टची लाइन १० आणि १० किलो-ओहमच्या डिव्हायडरने अर्धी करून एका मोकळ्या एडीसी पिनवर आणली. आधी लाइन वाचायची, लगेच आर्द्रता वाचायची, एकाला दुसऱ्याने भागायचं. भागाकारात रेफरन्स गळून जातो आणि गुणोत्तर परत हातात येतं. रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म. मीटरने मोजून नेमकं गुणोत्तर ०.४९८ लिहिलं. लाइन किती आहे हेही आता कार्डावर आपोआप लिहिलं जातं. पुढे काही बिनसलं तर तेच आधी बघेन.

तपासणीसाठी मिठाचा डबा. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात वाटीभर मीठ, त्यावर ओलसर होईल इतकंच पाणी, खडे दिसत राहिले पाहिजेत, पातळ खीर नको. सेन्सर वर लटकवून झाकण टेपने बंद. संपृक्त मिठाच्या पाण्यावरच्या हवेत आर्द्रता २५ अंशांना ७५.३ टक्के ठरते, आणि तापमान थोडं बदललं तरी ती फारशी हलत नाही. रात्रभर ठेवला. सकाळी ७२.९. सेन्सरची स्वतःची हमीच साडेतीन टक्क्यांची आहे, तेव्हा तक्रार नाही. तेवढी भर प्रोग्रॅममध्ये घातली. तापमानाची दुरुस्ती, म्हणजे १.०५४६ वजा ०.००२१६ पट तापमान याने भागणे, आधीपासून आहेच.

२१ फेब्रुवारी

शेडमध्ये जाणारी खरी वायरिंग, कनेक्टर पट्टीसकट, आज जोडली. जीएसएम सुरू केलं. तापमानाची उडी परत हजर. आणि पूर्वीपेक्षा मोठी, तीन अंशांहून जास्त.

रेफरन्सवर स्कोप लावला: सरळ रेघ. लाइनला खड्डे पडतायत, पण ४.०९१ ढिम्म. बॅटरीचं रीडिंगही शांत. दोन एलएम३५ पैकी दुसरा शांत, फक्त पहिला उड्या मारतोय. म्हणजे रेफरन्स निर्दोष.

पहिल्या एलएम३५ ची काळी वायर कनेक्टर पट्टीवर जीएसएमच्या ग्राउंडच्याच स्क्रूखाली आहे, आणि पट्टीपासून नॅनोपर्यंत दोघांना मिळून एकच वायर. दुसऱ्या सेन्सरचं ग्राउंड सरळ नॅनोला. बॅटरीच्या डिव्हायडरचंही.

अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे ३४ मिलिओहम रेझिस्टन्स असतो. इथे वायर अर्धा मीटर, म्हणजे १७. जीएसएम ऐन प्रक्षेपणात २ अँपिअरपर्यंत ओढतो. १७ मिलिओहम गुणिले २ अँपिअर: ३४ मिलिव्होल्ट. एलएम३५ च्या भाषेत ३.४ अंश. स्कोपचा प्रोब पट्टीच्या ग्राउंडवर आणि क्लिप नॅनोच्या ग्राउंडवर लावली. दोन्ही ‘ग्राउंड’च, पण मधे ४० मिलिव्होल्टचे चौकोनी ठोकळे नाचत होते. उरलेले सहा स्क्रूच्या पकडीतले.

एआरईएफवर जगातली सर्वांत उत्तम चिप लावली असती तरी याचं काही झालं नसतं. एडीसी दोन बिंदूंमधला फरक मोजतो. वरचा बिंदू आपण फार जपतो, खालच्याला ग्राउंड म्हणून सोडून देतो.

ठोकळ्यांचं माप घेतलं. प्रत्येक ठोकळा अर्ध्या मिलिसेकंदाहून जरा जास्त, दर साडेचार मिलिसेकंदांना एक. जीएसएमची वेळवाटणीच तशी आहे: ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटीत आठ खाचा, आपल्या वाट्याला एक, ५७७ मायक्रोसेकंदांची. एडीसी मात्र व्होल्टेजचा नमुना क्षणात पकडतो. म्हणून आठातलं एखादंच रीडिंग बिघडतं आणि बाकी सात साळसूद. सरासरी घेतली की उडी दिसेनाशी होते, पण गेलेली नसते. अर्धा अंश सगळीकडे सारखी पसरते. यापेक्षा दिसणारी उडी परवडली.

२३ फेब्रुवारी

सेन्सरची सगळी ग्राउंड स्वतंत्र वायरीने नॅनोच्या एकाच बिंदूवर. एलएम४०४० चा अ‍ॅनोडही तिथेच. जीएसएमची जाड जोडी थेट बक मॉड्यूलपासून, आणि त्याच्या पायाशी १००० मायक्रोफॅरड. ५ व्होल्टचा खड्डा ४.७१ वरून ४.८८ वर आला. एव्हीसीसी पिनला, म्हणजे एडीसीच्या वीजपुरवठ्याच्या पायाला, डेटाशीटने सुचवलेली १० मायक्रोहेन्रीची कॉइल लावायचा विचार होता, पण नॅनोवर ट्रॅक कापावा लागतो. सोडला.

प्रोग्रॅममध्येही क्रम बदलला: आधी सगळी रीडिंगं, मग जीएसएमला वीज. प्रत्येक सेन्सरची नऊ रीडिंगं घेऊन त्यातलं मधलं. सरासरी नाही.

उडी गेली.

आता एलएम३५ ची पायरी ४ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.४ अंशाची आहे. ओव्हरसॅम्पलिंगने दोन बिट वाढवायचे तर सोळा रीडिंगं मिळवून चारने भागायची. पण त्याला रीडिंगमध्ये थोडा थरथराट असावा लागतो आणि आता आकडा इतका स्थिर आहे की सोळाही रीडिंगं एकच येतात. मुद्दाम नॉइज मिसळता येतो, किंवा ऑपअँप लावून सिग्नल पाचपट करता येतो. दोन्ही करणार नाही. एलएम३५ डीझेडची स्वतःची हमी दीड अंशाची. त्याच्यातून दशांश काढून दाखवणं म्हणजे नुसती शोभा.

तात्यांना फोनवर हे सगळं सांगायला लागलो तर म्हणाले, “आरं, रातच्याला हवा किती वलसर हुतीया तेवढं सांग. पडदं टाकायचं का न्हाई, एवढंच कळाय पायजे. बाकीचं आकडं ठेव तुझ्यापाशी.”

२ मार्च

डबा शेडमध्ये चढवला. खांबावर, रॅकच्या वरच्या कप्प्याच्या उंचीला. डब्यातलं तापमान वेगळं लिहितोय, कारण रेफरन्स राहतो तिथे. पहाटे १७, दुपारी वरचा कागद तापला की ४९. बत्तीस अंशांचा फेरा, रोज.

टक्के आणि पीपीएम (दहा लाखांत किती) यांतला फरक इथे कळतो. एलएम४०४० वर ‘०.५ टक्के’ लिहिलेलं सगळे वाचतात आणि त्यावरूनच ग्रेड ठरवतात. तो अर्धा टक्का मी १६ तारखेला मीटरने मोजून संपवला. उरतो तो तापमानाचा गुणांक: कमाल १०० पीपीएम प्रति अंश. गुणिले ३२ म्हणजे ३२०० पीपीएम, ०.३२ टक्के, म्हणजे ४.०९६ मध्ये १३ मिलिव्होल्ट. हा रोज सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, त्याला एका आकड्याने दुरुस्त करता येत नाही. तेव्हा शेडसारख्या जागी रेफरन्स घेताना टक्क्यांची ओळ नंतर, पीपीएमची आधी वाचावी. दुकानदारही टक्केच सांगतो. पीपीएम विचारला की गल्ल्याकडे बघतो.

१३ मिलिव्होल्ट म्हणजे नक्की किती? चाळीस अंशांवर एलएम३५ मध्ये ०.१३ अंश. बॅटरीत ४० मिलिव्होल्ट. तात्यांच्या पडद्यांना याने काहीच फरक पडत नाही. पण दहा बिटांची पूर्ण किंमत वसूल करायची, चूक अर्ध्या पायरीच्या आत ठेवायची, तर ४८८ पीपीएममध्ये बत्तीस अंश बसवावे लागतात: अंशाला १५. बारा बिटांना ४ च्या आत. रेफ५०४० च्या वरच्या ग्रेडसारखी ३ पीपीएमची चिप असते ती याच कामासाठी, आणि तिची किंमत या अख्ख्या नॅनोपेक्षा जास्त भरते.

प्रत्यक्षात मोजलं: पहाटे ४.०९२, दुपारी ४.०८८. मीटर सावलीत, कापडाखाली ठेवून; नाहीतर चिप हलली की मीटर हलला हे कोण सांगणार.

९ मार्च

आज काम नाही, म्हणून त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. ४.०९१ हे मला मीटरने सांगितलं. मीटरला कोणी सांगितलं?

मीटरच्या आतही एक रेफरन्सच आहे. तो कॅलिब्रेशन लॅबच्या उपकरणाशी ताडलेला, ते उपकरण वरच्या लॅबशी, आणि भारतात ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपाशी पोहोचते. तिथे व्होल्ट जोसेफसन जंक्शनमधून येतो: अतिशीत तापमानाला ठेवलेली अतिवाहक जोडणी, तिच्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या, की फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात नेमक्या पायऱ्यांनी व्होल्टेज मिळतं. १९९० पासून जगाने हा मार्ग धरला. त्याआधी जवळपास आठ दशकं जगाचा व्होल्ट काचेच्या नळीत होता. एडवर्ड वेस्टनने १८९३ मध्ये काढलेला पारा आणि कॅडमियमचा सेल, २० अंशांना १.०१८६ व्होल्ट. त्याच्यातून करंट ओढायचा नाही, त्याला हलवायचं नाही, तापमान सांभाळायचं. आपल्या एआरईएफचे ३२ किलो-ओहम त्याला सोसले नसते.

सिलिकॉनमधला व्होल्ट आला तो बॉब विडलर यांच्या बँडगॅप सर्किटमुळे, १९७० च्या सुमारास. १९७४ मध्ये पॉल ब्रोकॉ यांनी त्याला आज सगळीकडे दिसणारं रूप दिलं. कल्पना अशी की ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरवरचं व्होल्टेज तापमान वाढलं की अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. पण वेगवेगळ्या करंट-घनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या अशा व्होल्टेजमधला फरक तापमानाबरोबर वाढतो. फरक योग्य पटीने मोठा करून पहिल्यात मिळवला की चढ आणि उतार एकमेकांना पुसतात, आणि बेरीज १.२ व्होल्टच्या आसपास उभी राहते. एटीमेगातले १.१, टीएल४३१ चे २.४९५ आणि खांबावरच्या डब्यातले ४.०९१, तिन्ही याच घराण्यातले. पुसणं पूर्ण होत नाही, थोडा बाक उरतो. २ तारखेला पहाट-दुपारमध्ये दिसलेले ४ मिलिव्होल्ट त्यातलेच.

२४ मार्च

ढगाळ. रात्री आर्द्रता ५२ वरून ७८ वर चढली, एसएमएस वेळेवर गेला, पडदे पडले. लाइन ४.८६ ते ५.०४.

३ एप्रिल

बॅटरीचं रीडिंग एका दुपारी ०.२ ने वर. रेफरन्स, ग्राउंड ठीक. डिव्हायडरच्या ३३ किलोवर द्राक्षांच्या डिपिंगच्या द्रावणाचा तेलकट थर आणि धूळ. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसलं, बरोबर झालं. डब्याच्या केबलग्लँडला सिलिकॉन लावलं.

१२ एप्रिल

शेड रिकामं व्हायला लागलं, डबा उतरवला. टेबलावर, २७ अंशांना, एआरईएफ ४.०९१. डेटाशीट १००० तासांना सुमारे १२० पीपीएम म्हणते, म्हणजे अर्धा मिलिव्होल्ट; माझ्या मीटरला तो दिसण्यातला नाही.

तात्यांच्या भावाच्या शेडसाठी दुसरा डबा करायचाय. त्यात एमसीपी१५४१ लावतोय. तोही ४.०९६ चाच. टक्क्यांत हा एलएम४०४० सी पेक्षा वाईट, १ टक्का. पीपीएममध्ये चांगला, कमाल ५०. सीरीज प्रकारचा असल्याने तो १ किलो-ओहमचा रेझिस्टर लागत नाही. आउटपुटवर १ मायक्रोफॅरड मात्र लावावाच लागतो आणि पुरवठा ४.३ च्या वर हवा, जो आता मिळतोय. टीओ-९२ मध्ये मिळतो, त्यामुळे झीरो बोर्डवर, म्हणजे छिद्रांच्या साध्या बोर्डवर, सरळ बसेल. दोन मागवलेत. आर्द्रतेचा १०-१० डिव्हायडर तोच, ग्राउंडची वायरिंग तीच. या वेळी डिव्हायडरचे रेझिस्टर बसवून झाले की त्यांवर आधी लॅकर मारायचं.